आखाडातली बोट

आकारामच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला ब्रह्मदेव खाली उतरला तरी उपयोग नसे. लढाई संपवून गावी आला तो वेड घेऊनच आला. इराकात पाण्यावरच्या पलटणीत त्यानं मोटारबोटी चालवलेल्या. आणि इथं आपल्या गावात, कृष्णेला पूर आला की माणसं अजून दोन काठांवर उभी राहून एकमेकांना हात करायची! "आपलं गाव काय इराकाच्या पल्याड हाय व्हय?" असं तो भेटेल त्याला विचारी. लोक तंबाखू मळायचे आणि मान हलवायचे.

नानासो जहागीरदारांच्या गाडीखान्यात एक जुनी सागवानी मोटारबोट पडून होती. थोरले सरकार तीत बसून बदकं मारायला जायचे. ते गेले, आणि बोटीत कोंबड्या अंडी घालायला लागल्या. आकारामनं मागितली तेव्हा नानासो म्हणाले, "ने बाबा, माझी जागा तरी मोकळी हुईल." दोन बैलगाड्या मागंपुढं लावून बोट दारात आली. मनुबाईनं, त्याच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. "घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं," ती म्हणाली.

सारा उन्हाळा तो त्या लाकडापाशी बसून होता. कुजक्या फळ्या काढल्या, तिथं आंब्याच्या बसवल्या. तागाचं सूत राळेत भिजवून फटींत ठासलं. इंजन सुटं करून त्याचा तुकडा न् तुकडा रॉकेलात धुतला, आणि एक दिवस भर दुपारी ते अंगणातच फटफट करत सुरू झालं. पेट्रोल औषधापुरतं मिळायचं. इंजन त्याच्यावर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर चालवायचं. सगळी आळी गोळा झाली. हसणारेच आता बोटीवरून हात फिरवायला लागले. मनुबाईनं कुणाचं लक्ष नाही असं बघून तिला हळदकुंकू लावलं.

आणि इथंच आकाराम चढून गेला. त्याची एकुलती लेक शालू सांगलीत दिली होती. तिला दिवस गेलेले. आकाराम न्यायला गेला तेव्हा जावई मानसिंग भीतभीत म्हणाला, "मामा, पावसाळ्याचं दिस हायेत. तिला हितंच ऱ्हाऊ द्या की. दवाखाना दारात हाय."

"पयलं बाळंतपण म्हायेरात!" आकाराम गरजला. "आन् माझ्या दारात मोटारबोट हाय, जावईबापू. पूर आला तरी घटकेत पल्याड!"

मग काय, लेक घेऊन आला.

आता बोट तेवढी पाण्यात घालायची राहिली होती. उन्हात वाळलेलं लाकूड पाणी प्यालं की फुगतं, आणि तेव्हा कुठं फटी नीट मिटतात. आठ-दहा दिवस बोट काठाला पाण्यात मुरत ठेवायला हवी, हे त्याच्याएवढं गावात कुणाला ठाऊक असणार? पण तोवर आषाढ लागला, आणि मनुबाई आडवी आली.

"आवं, पोटुशी लेक घरात आन् आखाडात नवी वस्तू पाण्यात घालताय? सरावण लागू द्या. मग काय घालायचं ते घाला."

गोऱ्या साहेबाला उलट बोललेला माणूस; पण लेकीचं नाव निघालं आणि तो नमला. सिद्धू, शेजारचा त्याचा दोस्त, म्हणाला, "आकारामदा, लाकूड कोरडं ऱ्हातंय." "ऱ्हाऊ दे रं. सरावण काय लांब हाय?" बोट दारातच राहिली.

श्रावण उगवायच्या आतच कृष्णा चढली. नदीकाठच्या मळीतला ऊस बुडाला, ओढे तुंबले, सांगलीच्या पुलाकडं जायची वाट पाण्याखाली गेली. आणि त्याच दिवशी पहाटे शालूचं पोट दुखायला लागलं. दिवस वर आला, दुपार झाली. आत तिचं ओरडणं हळूहळू बारीक होत गेलं, आणि ते ओरडण्यापेक्षाही वाईट होतं. आकारामची चुलती धोंडुबाई हिनं गावातली निम्मी पोरं आपल्या हातानं जगात आणलेली. ती हात पुसत बाहेर आली.

"आकाराम, मूल आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई रं आता. पोरीला डाक्टर दाव, न्हाईतर दोनी जीव जातील."

डॉक्टर पलीकडच्या पेठेत होता. मध्ये कृष्णा. गावची वल्ह्याची नाव त्या धारेत घालायला पाया पडलं तरी नावाडी तयार नव्हता.

आकारामनं बोटीकडं बघितलं. "कोरडी हाय," एवढंच तो म्हणाला. मनुबाईच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

गडीमाणसांनी बोट उचलून पाण्यात टाकली. टाकताक्षणीच फटींतून पाण्याच्या बारीक धारा लागल्या. आकारामनं चिंध्या कोंबल्या, धोतराचा सोगा फाडून कोंबला. शालूला आत फळीवर निजवलं. मनुबाई चढायला लागली तसं त्यानं तिला मागं ढकललं.

"तू नगं. जेवढं वजन तेवढं पाणी."

"माझी लेक हाय ती!"

"माझी न्हाई व्हय?"

मनुबाई उतरली. गुडघाभर पाण्यात उभी राहून बघत राहिली.

इंजन सुरू झालं, हीच कृष्णामाईची कृपा. सिद्धू घागरीनं पाणी उपसत होता, पण उपसेल त्याच्या दुप्पट आत येत होतं. घोट्याला लागलेलं पाणी पोटरीला आलं. आकाराम सुकाणू धरून होता आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"चुकलो गं पोरी," तो म्हणाला. "मानसिंग म्हणत व्हता ऱ्हाऊ द्या. मीच शहाणा."

शालूनं ओठ चावत डोळे उघडले. "आबा, आदी पल्याड न्या. मग चुका."

काठ हाकेवर आला आणि इंजनात पाणी शिरलं. ते एकदा खोकलं, बंद पडलं. धारेनं बोट ओढून खाली बुडालेल्या बाभळींच्या राईत नेली. सिद्धूनं फांदी धरली, काट्यांनी तळवा फाटला तरी सोडली नाही. आकारामनं लेकीला खांद्यावर घेतलं आणि छातीभर पाण्यात उडी मारली. मागं बोट फिरली, धारेत गेली, तिचं तोंड वर उठलं आणि ती बुडाली. त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही.

पेठेतल्या लोकांनी बाजलं आणलं. डॉक्टरनं दार लावून घेतलं. आकाराम बाहेर पायरीवर बसला आणि ठाऊक होते तेवढ्या सगळ्या देवांना शिव्या देऊन झाल्यावर त्यांचेच पाय धरायला लागला. दिवेलागणीला आतून टाहो ऐकू आला. मुलगी झाली होती. शालू पांढरीफटक पडली होती, पण जिवंत होती. "वाचली," डॉक्टर म्हणाला. आकाराम लहान पोरासारखा रडला, मग हसला, मग कुणीतरी पुढं ठेवलेली भाकरी खाल्ली आणि तिथंच आडवा झाला.

दुसरे दिवशी ऊन वर आल्यावर सिद्धू बांधलेल्या हाताकडं बघत म्हणाला, "दादा, त्या काठावरनं काय दिसलं आसंल रं?"

त्या काठावरून काय दिसणार? बोट बाभळींआड गेली. मग तिचं तोंड वर आलं आणि ती बुडाली. माणसं झाडांच्या पलीकडून बाहेर पडली, ती कुणाला दिसणार!

"आरं देवा! आरं माझ्या देवा, आनंदात इसरलोच की मी!"

वाळलेले भोपळे कमरेला बांधून त्यानं वरच्या बाजूनं नदीत अंग झोकून दिलं. पाणी जरा ओसरलं होतं, तरी धारेनं त्याला पार खाली नेऊन चिखलात फेकलं. तसाच उठत-पडत तो गावाकडं निघाला. आळीत शिरला तेव्हा बायांचं रडणं कानावर आलं. ते आपल्याच नावानं चाललंय हे कळायला त्याला वेळ लागला.

दारात बायका बसल्या होत्या. उंबऱ्याशी हिरव्या काचा पडल्या होत्या. भिंतीला टेकून मनुबाई बसली होती. कपाळ पुसलेलं, हात उघडे. "डोळ्यांदेखत बुडाली, आता कुणाची वाट बघायची?" म्हणून धोंडुबाईनंच सकाळी रीत उरकून घेतली होती.

त्याला बघून बाया किंचाळल्या. एक उठून पळाली. मनुबाई किंचाळली नाही. ती उठली, जवळ आली आणि तिनं त्याची बंडी मुठीत धरली. धोंडुबाई बोलू लागली, "आरं आकाराम, आमी हिच्या बांगड्या..."

"बांगड्या भरता येतील," मनुबाई म्हणाली. "लेकीचं सांगा."

"जित्ती हाय. पोरगी झालीया. दोगी खुशाल हायेत गं."

मनुबाईनं त्याच्या थोबाडीत मारली. भर आळीत, चुलतसासूच्या देखत. धोंडुबाईनं तोंडावर पदर धरला, पण 'अगं' म्हणाली नाही.

"कालच का न्हाई आला?" मनुबाई ओरडली. "माझ्या आखाडानं तुमास्नी खाल्लं म्हणून मी रातभर... रातभर..."

"मार," आकाराम म्हणाला. "आजून मार."

तिनं मारलं. बांगड्या फोडताना मनगटाला काच लागली होती, त्याचं रक्त त्याच्या गालाला लागलं.