दाराशी उरलेला चौदावा

मी चूक बोलतेय. हो, चूकच. दचकू नका, तुम्हाला काही करायला आता मी उरलेले नाही. माझं बारसं कुणी केलं नाही आणि मी गेले तेव्हा माझ्यासाठी कुणी रडलंही नाही. रडले ते दुसऱ्याच कुणासाठी. तेच तुम्हाला सांगायचंय.

माझा जन्म बिश्केकमधल्या एका कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी झाला. मला जन्म दिला मेदेरबेक आगायने. आगाय म्हणजे गुरुजी. माणूस हुशार, मनानेही चांगला, फक्त थोडा नाकाने कांदे सोलणारा. त्याने एक कंपायलर बनवला होता. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळणाऱ्या हुकमांत उतरवून देणारा दुभाष्याच म्हणा ना. केरेगे नदीच्या खोऱ्यात पुराचा इशारा देणारे डबे बसवायचे होते. त्यांत घालायच्या स्वस्त चिपसाठी हा दुभाष्या हवा होता.

चिप भारी मंद. म्हणून आगायने दुभाष्याला एक युक्ती शिकवली. आकडे एकेक करून घ्यायचेच नाहीत, चार-चारची पंगत बसवायची आणि चौघांना एकदम वाढायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने काही सांगायलाही नको, दुभाष्या आपला आपण पंगती पाडणार. रांग अडनिड्या जागी सुरू झाली तर पहिल्या आकड्याला तेवढं आधी एकट्याला घ्यावं लागे. आगायने त्या जागेला नाव दिलं 'तोर'. तिकडे घरात दारासमोरच्या मानाच्या जागेला तोर म्हणतात. वडीलधारं माणूस तिथे बसतं आणि सगळ्यांत धाकटं दाराशी. म्हणून पंगती झाल्यावर जे कोणी उरतील त्यांच्या जागेला त्याने नाव दिलं 'दार'.

आता माझी पाळी. आगायच्या आईची एक सवय होती. पाहुण्यांना चहा देताना ती तोरवरच्या पाहुण्याची वाटी आधी भरायची आणि मग बाकीच्यांच्या मोजायची. शेवटी एक वाटी उरली की म्हणायची, "ही त्यांचीच, त्यांना दिलाय चहा," आणि ती उचलून ठेवायची. लहानपणापासून हेच बघितलेलं. आगायने लिहिलं : तोरवर एक असेल आणि दाराशीही एकच उरला असेल, तर तो तोरवालाच समजावा. त्याला वाढून झालंय.

ती एक ओळ म्हणजे मी. ओळ लिहून त्याने बोर्सोकचा, म्हणजे तळलेल्या पुरीचा, तुकडा तोंडात टाकला आणि तो वर्गावर निघून गेला. आपल्या हातून काही जन्माला आलंय, याचा त्याला पत्ताही नव्हता.

डब्याडब्यात माझ्या नकला गेल्या. एक कचेरीत, एक बेल-तेरेक गावच्या चौकात, भोंग्याच्या खांबावर. मी तिथून सगळं गाव बघायचे. नदीवर पाणी मोजणाऱ्या तेरा चौक्या होत्या, प्रत्येकीतून एकेक आकडा डब्यात यायचा आणि रांग नेमकी अडनिड्या जागी सुरू व्हायची. एक तोरवर, बाकी बारा म्हणजे चारच्या तीन पंगती, दाराशी कुणीच नाही. तीन वर्षं मी कुणाला दिसले नाही. खरं सांगते, मला वाटायचं मी निरुपद्रवी आहे.

मग वसंतात वर हिमनदीच्या तळ्यावर चौदावी चौकी उघडली. तिथे नेमणूक झाली जुमाकादिर अक्साकालची. पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्याला तिकडे अक्साकाल म्हणतात. सत्तरीचा म्हातारा, शिस्तीचा मोठा कडक. सकाळी आठला आणि दुपारी दोनला पाण्यातल्या खुणेच्या काठीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, यंत्रावर दाबायचा. 'पोचलं' म्हणून हिरवा दिवा लागला की मगच चहा. वर फोन लागत नसे. त्या हिरव्या दिव्यावरच त्याचा सगळा भरवसा होता.

जुलैतल्या एका दुपारी दोन वाजता तळं एक्केचाळीस बोटं चढलं होतं. त्याने लिहिलं, दाबलं, दिवा लागला. "आता भोंगा वाजेल, लोक वर चढतील," असं मनाशी म्हणून त्याने चहा ठेवला.

भोंगा वाजला नाही. त्याचा आकडा माझ्या दाराशी आला आणि मी म्हटलं, याला वाढून झालंय.

चार वाजता पाणी, चिखल आणि धोंडे सगळं एकदमच आलं. मी खांबावर होते, मुकी. खाली नदीकाठी कुबात मेंढपाळाची बायको, बातमा, लोकर धूत होती. ती सापडली ती दोन दिवसांनी.

चौकशी बसली. कचेरीतल्या डब्यात दिवसाचा फक्त सर्वांत मोठा आकडा उरायचा, बाकीचे पुसले जायचे. त्या दिवसाचा मोठा आकडा निघाला सहा. मग एक्केचाळीस पाठवला कधी? म्हातारा वही पुढे करून सांगत राहिला, "दिवा लागला होता हो, हिरवा दिवा लागला होता." साहेब म्हणाले, वहीत काय, मागाहूनही लिहिता येतं. त्यांनी मेदेरबेक आगायला विचारलं, यंत्र चुकू शकतं का?

"यंत्र चुकत नाही," आगाय म्हणाला. "माणूस डुलकी घेतो."

खोटं बोलला नाही तो, त्याला तसंच वाटत होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

म्हाताऱ्याची नोकरी गेली. मी खांबावरून बघायचे. चौकातली पोरंसोरं ओरडायची, "अक्साकाल, जागे आहात ना?" कुबातने त्याला शिवी दिली नाही, काहीच दिलं नाही. म्हाताऱ्याने पुढे केलेला हात त्याने घेतला नाही, एवढंच. त्यानंतर कुणाच्याही घरी गेला तरी म्हातारा आपण होऊन दाराशी बसायचा. लोक उगाच म्हणायचे, "वर या, वर या." तो मान हलवायचा.

त्याची मुलगी नुरझात आगायकडेच शिकत होती. दोन वर्षं ती गप्प राहिली. शिक्षण संपून कॉलेजातच कामाला लागली तेव्हा तिने बापाची वही काढली, बाकीच्या तेरा चौक्यांच्या वह्या मिळवल्या आणि त्या दिवसाचे चौदा आकडे माझ्यासमोर मांडले. पंगतीची युक्ती बंद ठेवून चालवलं तर भोंगा वाजायचा. चालू केली की गप्प. मला शोधायला तिने मध्येच हुकूम घातला, घेतलेला प्रत्येक आकडा पडद्यावर दाखव. झालं! मध्ये थांबून दाखवायचं म्हटल्यावर दुभाष्याला पंगत पाडताच येईना, तो एकेक घेऊ लागला, आणि मी गायब. दिवा घेऊन शोधायला आलं की मी नसायचेच. तीन आठवडे मी त्या पोरीला रडवलं. मला लाज वाटत होती, पण चुकीला स्वतःहून पुढे येता येत नाही.

शेवटी तिने दुभाष्याने लिहिलेले कच्चे हुकूमच कागदावर काढले आणि ओळ न् ओळ वाचून ती आगायच्या खोलीत गेली.

"आगाय, चौदावा कुठे आहे?"

"कोण चौदावा?"

"माझे बाबा."

आगायने चष्मा काढला. "पोरी, तुझं दुःख मला कळतं. पण म्हणून दुभाष्याला बोल लावायचा?"

"तुम्हीच मोजा ना. एक तोरवर. मग चार, चार, चार. झाले तेरा. दाराशी कुणाला बसवलंय ते दाखवा, मी गप्प जाते."

त्याने बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. मग मूळ कोड उघडलं आणि माझ्यावर येऊन थांबला. पहिल्यांदाच माझ्या जन्मदात्याने मला नीट पाहिलं.

"ही आईची वाटी आहे," तो हळूच म्हणाला. "नुरझात, मी काय बोललो गं त्या चौकशीत!"

"माणूस डुलकी घेतो, म्हणालात."

आगाय रडला. मग त्याने मला खोडलं. त्याला एक क्षण पुरला. माझ्या जागी त्याने एक चाचणी घातली : चौदा आकडे, शेवटचा एक्केचाळीस, भोंगा वाजलाच पाहिजे. चाचणीला नाव दिलं 'जुमाकादिर'.

गावाला दाखवायचं म्हणून माझी एक जुनी नक्कल त्याने लॅपटॉपवर राखली होती. तिच्यातून मी म्हाताऱ्याच्या घरी गेले. सारं गाव जमलं होतं. आगायने आधी मला चालवलं. शांतता. मग नवं चालवलं. भोंगा असा किंचाळला की बायकांनी पोरं जवळ ओढली. कुबात उठला. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "अक्साकाल, मला माफ करा. वर चला." त्याने त्याला तोरवर नेऊन बसवलं.

मला वाटलं, सुटले.

नान आलं, चहा आला. जरा वेळाने पाहते तर म्हातारा पुन्हा दाराशी. त्या दोन वर्षांत त्याची स्मरणशक्ती विरत चालली होती. चौकी विसरला, साहेब विसरला, कधी कधी मुलीचं नावही विसरायचा. एकच गोष्ट पक्की राहिली होती, आणि नेमकी तीच खोटी होती. त्याने नुरझातची बाही ओढली.

"पोरी, त्या दिवशी मी झोपलो होतो का गं?"

"नाही बाबा. आत्ताच दाखवलं ना? यंत्र चुकलं होतं."

"हो का?" त्याचा चेहरा उजळला. सगळ्यांनी श्वास सोडला. चहाची वाटी रिकामी होईपर्यंत तो तसाच हसरा बसला होता. मग पुन्हा बाही ओढली.

"पोरी, मी झोपलो होतो का गं?"

आगाय उठून बाहेर गेला. कुबात तिथेच बसून राहिला, मान खाली घालून.

कोडमधून मी गेले. आता जुन्या नोंदींत लाल रंगात खोडलेली एक ओळ आहे, तेवढीच मी. पण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात माझी एक नक्कल राहिली आहे आणि ती कुणाला खोडता येत नाही. नुरझात रोज खोडते, दिवसातून वीस वेळा, न चिडता.

माझं एवढं काम करा. कधी बेल-तेरेकला गेलात, तर दाराशी बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या माणसाजवळ घटकाभर टेका. तो विचारेलच. त्याला सांगा, "नाही हो अक्साकाल, तुम्ही जागे होतात." आणि पुन्हा विचारलं, तर पुन्हा सांगा.