सेठचा काटा

धानोऱ्याच्या दवाखान्यात माणसं तोलायची सोय नव्हती. म्हणून मी मोहफुलं घेणाऱ्या सेठचा मोठा काटा मागून आणला आणि भरती झालेल्या पोचूला रोज सकाळी पारड्यात बसवू लागले. पोचूचं हृदय थकलं होतं. अंगात पाणी साचलेलं. पावलावर अंगठा दाबला की खड्डा पडे, आडवं झालं की जीव गुदमरे.

पाणी उतरवायची इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू पाय उतरले, खड्डा पडेना, गडी सपाट झोपून घोरायला लागला. वजन मात्र जागचं हलेना! डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाई, काटा कशाला खोटं सांगेल? इंजेक्शन वाढवा." वाढवलं.

एके सकाळी पारड्यात चढताना पोचूच्या धोतराची गाठ सुटली आणि आतून गोटे गडगडत खाली आले. माझं डोकंच फिरलं. "हे काय सोंग आहे?"

त्याची बायको बुधरी शांतपणे म्हणाली, "बाई, ह्या काट्यावर आमचा मोह सदा कमीच भरते. माह्या माणसाचं वजन पहिल्या दिवसापासून घटून राह्यलं होतं. म्हणून मी रोज एक गोटा वाढवून बांधून देत होती."

मी गोटे बाहेर फेकले, पोचूला पुन्हा तोललं. पारडं झपकन वर गेलं. पाणी उतरलं होतं! मी आनंदानं बुधरीकडे पाहिलं.

तिनं कपाळावर हात मारला. "पाहा! गोटे काहाडले, अन् सेठनं माह्या माणसालेई खाल्लं!"