गाजरी केसांचा अबोला

थोरली आणि धाकटी या दोघी सख्ख्या जावा, एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या. थोरली शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका. धाकटीचं राहत्या घराखालीच केस कापायचं दुकान. तीन वर्षं दोघींमध्ये एक शब्द नव्हता, आणि त्याला निमित्त होतं एका भूकंपाचं.

भूकंप तसा किरकोळच. त्या गावाला जमीन हलण्याचं अप्रूप नव्हतं. घरोघरी कपाटं भिंतीला खिळलेली, काचेची भांडी खालच्या फळीवर, दारामागे विजेरी आणि शिट्टी. हलकासा धक्का बसला तर माणसं चहाचा कप हातात धरून थांबायची आणि हलणं थांबलं की पुढचा घोट घ्यायची. पण त्या दिवशी थोरलीच्या मुलीचं लग्न एका दिवसावर आलेलं. केस रंगवण्याआधी ते उजळवायचं औषध डोक्याला फासून थोरली धाकटीच्या खुर्चीत बसलेली, आणि आता धुवायचं म्हणताना जमीन हलली. नियमाप्रमाणे दोघी मैदानात पळाल्या. तिथे धाकटीला शेजारीण भेटली, गप्पा लांबल्या. परत येऊन पाहतात तर नळ ठणठणीत कोरडा. पाणी मिळेपर्यंत थोरलीचे केस पार गाजरी झाले होते.

"लगेच वरून काळा रंग लावते," धाकटी म्हणाली.

"माझ्या डोक्याला पुन्हा हात लावलास तर बघ."

लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरीच्या शेजारी ते डोकं पेटल्यासारखं दिसत होतं. पाहुणे फोटो बघून तोंडावर रुमाल धरायचे. अबोला सुरू झाला तो असा. त्यांचे नवरे, दोघे भाऊ, मात्र हुशार, ते गल्लीच्या टोकाला भेटून आपापल्या बायकांच्या तक्रारी एकमेकांना सांगत आणि हलके होऊन घरी येत.

मग तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. तीन दिवस तो पलीकडच्या उतारावर धुमसत होता. चौथ्या दिवशी सकाळी वारा फिरला आणि सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: तासाभरात घरं सोडा. धाकटीनं कात्र्या, कंगवे, मशीन आणि टॉवेलांचा गठ्ठा पिशवीत कोंबला. नवरा म्हणाला, "अगं, कपडे घे, कागदपत्रं घे."

"ती तू घे. मला काहीतरी करायला नको का तिथे?"

शेजारच्या शहरातल्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये सोय केली होती. दारातल्या बाईनं वहीत नावं लिहून घेतली आणि आडनावांप्रमाणे खाटा वाटल्या. एकच आडनाव, त्यामुळे धाकटीची खाट थोरलीच्या खाटेला अगदी चिकटून आली. दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं जे पसार झाले ते जेवायलाच उगवले.

दुसऱ्या दिवशी हॉलभर धुराचा वास होता. तो भिंतींना नव्हता, माणसांच्या केसांना होता. धाकटीनं गुण मांडायच्या टेबलाशेजारी एक खुर्ची ओढली आणि एका आजीबाईंचे केस धुऊन नीट कापून दिले. आजीबाई आरशात बघून हसल्या आणि अर्ध्या तासात तिथे झुंबड उडाली. कोण आधी, कोण नंतर यावरून दोन बायांची जुंपली.

थोरलीला आयुष्यात दोन गोष्टी सहन झाल्या नव्हत्या: चुकलेली बेरीज आणि मोडलेली रांग. ती उठली, कागदाचे चौकोन फाडून त्यांवर आकडे घातले आणि वाटले. मग आठ बादल्या मिळवून तिनं त्या काठोकाठ भरून ठेवल्या. धाकटीशी मात्र बोलली नाही. "त्यांना सांगा, सतरा नंबर आलाय," असं ती सतरा नंबरलाच सांगायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीत बंबवाला बसला होता. डोंगरावरून चार तासांच्या सुट्टीवर आलेला, मान टाकून पेंगणारा. त्याची एक बाजू कापून झाली आणि जमिनीनं झोका घेतला. वरचे दिवे डोलायला लागले. हॉलमध्ये एकच ओरड उठली.

"कात्री खाली ठेव," थोरलीचा आवाज कडाडला. "सगळ्यांनी टेबलाखाली, खाटेखाली. डोक्यावर हात."

तीस वर्षं वर्ग गप्प करणारा आवाज तो. अख्खा हॉल गप्प बसला. टेबलाखाली तिघं होती: एका टोकाला धाकटी, दुसऱ्या टोकाला थोरली, मध्ये अर्धे केस कापलेला बंबवाला. जमीन थांबली, पुन्हा थोडी कुरकुरली, थांबली.

"नळ गेला असेल," धाकटी सवयीनं म्हणाली.

"बादल्या भरलेल्या आहेत," थोरली म्हणाली. "एकदा अद्दल घडलीय मला."

धाकटीनं पदरानं घाम टिपला. "ताई, त्या दिवशी मी खरंच गप्पांत रमले होते. चूक माझीच."

थोरलीनं नाकावरचा चष्मा सारखा केला. "मीही तिथेच उभी होते की. तुझ्या शेजारणीच्या सुनेची गोष्ट मलाही ऐकायची होती. आणि घड्याळ माझ्याच हातात होतं."

धाकटीला आधी हसू फुटलं, मग थोरलीला. मध्ये बसलेला बंबवाला म्हणाला, "काय झालं पुढे त्या सुनेचं?" मग तर दोघींच्या डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना.

दोन दिवसांनी वारा पडला आणि पुढच्या आठवड्यात माणसं घरी परतली. गल्ली वाचली होती. राखेनं करडी झाली होती तेवढीच. फक्त थोरलीच्या मागच्या स्वयंपाकघराचं छप्पर जळून कोसळलं होतं. थोरली दारात उभी राहून ते बघत होती. तिच्या हातातली पिशवी काढून घेत धाकटी म्हणाली, "चला वर. आमच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत. आणि नाही म्हणालात तर आता मी अबोला धरेन."

दोन महिने थोरली तिथे राहिली. छप्पर झालं, ती आपल्या घरी गेली. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला ती दुकानात हजर, चष्मा पुसत.

"अहो ताई, आता तरी आराम करा घरी," धाकटी म्हणाली.

"करीन. पण मंगळवारी तू तिघींना एकच वेळ दिलीयस. वही इकडे आण आधी."