त्या टोकाची खुर्ची

आमच्या घरात माणसांपेक्षा टेबलाचा मान मोठा. खोटं नाही सांगत. लग्न होऊन मी देवासहून इंदूरला आले, तेव्हा माप ओलांडल्यावर देवाच्या आधी मला टेबल दाखवलं. "सूनबाई, हे महोगनी," मामंजी इतक्या आदरानं म्हणाले, की मी वाकून नमस्कारच करणार होते.

मामंजी म्हणजे माझे सासरे, अप्पासाहेब. होळकर दरबारात त्यांची नोकरी झाली. रेसिडेन्सीतला एक साहेब विलायतेला परत चालला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी हे धूड घेतलं. एक लांबलचक टेबल, सहा साध्या खुर्च्या आणि दोन खुर्च्या हातांच्या. कृष्णपुऱ्यातल्या आमच्या घराच्या दारातून टेबल आत येईना, म्हणून खिडकीचे गज काढले. तेव्हापासून मधल्या खोलीत टेबलच टेबल, आणि आम्ही सगळे भिंतीला घासून चालणार. लाकूड मात्र काय सांगू! काळसर तांबडं, हात फिरवावा तर रेशीम. पायांना पंजे कोरलेले आणि प्रत्येक पंजात एक गोळा धरलेला. सासूबाई दसऱ्याला त्या पंजांना हळदकुंकू वाहायच्या. म्हणायच्या, "वाघ आहे बाई. रुसला तर?"

मामंजींना त्या टेबलाचा रिवाज जिवापाड. "चिपेंडेल घडण आहे ही, विलायतेतल्या नामी सुताराची! इथं ओरपायचं नाही, सांडायचं नाही." उजवीकडे सुरी, डावीकडे काटा, मध्ये ताट. जेवायचं हातानंच, पण सुरी-काटा रोज मांडायचा, आणि रोज घासायचा कुणी? मी. एका टोकाच्या हाताच्या खुर्चीत मामंजी बसायचे, बाजूला आमचे हे आणि धाकटे दीर नंदूभाऊजी. दुसऱ्या टोकाच्या हाताच्या खुर्चीवर रेशमी रुमाल आणि रुमालावर मामंजींची दरबारी पगडी. ती खुर्ची सरकारांची, म्हणजे होळकर महाराजांची. एखाद्या दिवशी सरकारस्वारी घरी आलीच, तर बसायला नको का?

आता तुम्हीच सांगा. संस्थान गेलं, मध्य भारत झाला, राजधानीसुद्धा वळकटी बांधून उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर करायला लागली. कोण येतंय आमच्याकडे बाफले खायला? पण मामंजींना हे सांगणार कोण! मी आपली रोज पगडी उचलायची, खुर्ची पुसायची, पगडी परत ठेवायची.

आणि सासूबाई कुठं जेवायच्या? स्वयंपाकघरात, जमिनीवर, सगळ्यांचं उरकल्यावर. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, त्यांनाही नाही. पण त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. एकदा खाली बसल्या की उठवायला मी आणि भिंत. डॉक्टरांनी बजावलं, "माँजी, जमिनीवर बसणं एकदम बंद. खुर्ची घ्या." झालं! तेव्हापासून त्या तेलाचा डबा पालथा घालून त्यावर बसायला लागल्या आणि ताट मांडीवर घेऊन जेवायला लागल्या. बाहेर खुर्च्या आठ, जेवणारे तीन, आणि घरची मालकीण डब्यावर. माझं डोकंच फिरायचं.

"आई, बाहेर खुर्चीवर बसा ना," मी म्हणायची.

"पुरुषांच्या पंगतीला? वेड लागलंय का तुला?"

"मग त्यांचं झाल्यावर बसा."

"आणि यांच्या टेबलावर काही सांडलं म्हणजे? नको गं बाई. डबा बरा आहे माझा."

ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तूच बोल अप्पांशी." म्हणजे वाघाच्या तोंडात डोकं माझंच. तरी बोलले एकदा. मामंजी म्हणाले, "सूनबाई, त्या टेबलाला रिवाज आहे. कुणी कुठं बसायचं हे आपण ठरवत नसतो." वाईट नव्हते हो ते. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी रोज स्वतः तेल कोमट करून आणायचे. फक्त तो डबा त्यांना दिसत नव्हता.

मग एका रविवारी मुंबईचे कृष्णराव आले. जुन्या इंग्रजी फर्निचरचे व्यापारी. संस्थानं गेल्यापासून असे लोक माळव्यात घरोघर फिरत होते. त्यांची मोटार मानपूरच्या घाटात गरम झाली, त्यामुळे सकाळी यायचे ते ऐन जेवणाच्या वेळी टपकले. टेबल विकायचं मामंजींच्या स्वप्नातही नव्हतं, पण दाखवायचं म्हटलं की त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ. कृष्णराव टेबलाखाली शिरले, लाकूड ठोकून पाहिलं, पंजावरून बोट फिरवलं.

"माल अस्सल आहे, अप्पासाहेब. घडण जॉर्ज राजांच्या काळातली, पण बनवलंय बरंच नंतर, राणीच्या अमदानीत. आणि हा पंजा गरुडाचा बरं का, वाघाचा नाही."

'बरंच नंतर' ऐकून मामंजींचा चेहरा पडला, पण 'अस्सल'वर सावरला. "आता जेवूनच जायचं," ते म्हणाले. "रविवार आहे, दाल-बाफले आहेत."

बाफल्यांचं एक सांगते. कणकेचे गोळे उकडायचे, गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे आणि गरमागरम फोडून तुपात बुडवायचे. गरम आहेत तोवर लोणी, गार झाले की गोफणीत घालून पाखरं हाणा. आमच्याकडे दर रविवारी सासूबाईच करायच्या, आणि स्वतः मात्र शेवटी चतकोर खाऊन बाजूला सारायच्या. "मला नाही आवडत. दात दुखतात. पुरुषांना काय गोडी लागते कुणास ठाऊक!"

मी ताटं मांडली. कृष्णराव आपले सहज त्या टोकाच्या खुर्चीकडे गेले आणि पगडी बघून थबकले.

"इथं कोण बसतं?"

"ती सरकारांची," मामंजी म्हणाले.

"सरकारांची?" कृष्णराव हसले, पण ते हसू थट्टेचं नव्हतं. "अहो, हाताच्या खुर्च्या दोनच का असतात? विलायतेत या टोकाला घरधनी बसतो आणि त्या टोकाला घरधनीण. पाहुणे मधल्या साध्या खुर्च्यांवर. ही तर वहिनीसाहेबांची खुर्ची. आहेत कुठं त्या?"

आतून डबा सरकल्याचा आवाज आला.

"लो भिया, हो गया!" नंदूभाऊजी पुटपुटले.

माझ्या हातात तुपाची तपेली होती. म्हटलं, कमल, आत्ता नाही तर कधीच नाही. "मामंजी," मी म्हणाले, "रिवाज आपण ठरवत नसतो ना?"

ह्यांनी डोळेच मिटून घेतले. मामंजी लालबुंद झाले. वाटलं, निघालं आता माझं गाठोडं देवासला! पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तिथं सासूबाई डब्यावर बसलेल्या, एक पाय लांब केलेला, पदरानं कपाळ पुसत होत्या. रोज तिथंच बसायच्या. त्या दिवशी मामंजींना दिसल्या.

मामंजी उठले. भिंतीला घासत त्या टोकाला गेले, दोन्ही हातांनी पगडी उचलली, आणि ती ठेवावी कुठं हे न कळून तसेच उभे राहिले. शेवटी देवघरातल्या फळीवर ठेवून आले.

"सरकार आता यायचे नाहीत," ते म्हणाले. इतकी वर्षं त्या पगडीवर चिडले मी, पण त्या क्षणी मलाच फार वाईट वाटलं.

मग त्यांनी आवाज चढवला. "अगं, बाहेर ये. पानं खोळंबलीत."

"इश्श! मी नाही. परके पाहुणे बसलेत, लोक काय म्हणतील?"

"पाहुणेच म्हणताहेत. रिवाज पाळायचा तर पुरता पाळायचा. ये."

मी त्यांना दंडाला धरून आणलंच. मामंजींनी खुर्ची मागे ओढून धरली, साहेब मडमेसाठी धरतो तशी. सासूबाई पदर नाकापर्यंत ओढून बसल्या. पाय काही जमिनीला टेकेनात, नुसते लोंबकळायला लागले. मामंजींनी भिंतीशी उभा केलेला पाट आणला आणि वाकून त्यांच्या पायांखाली सरकवला.

मी सगळ्यांच्या आधी त्यांना वाढलं. निखाऱ्यावरून काढलेला बाफला, फोडून, वर तूप. मग बाकीच्यांची पानं वाढली. मान खाली घालून सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि त्या थांबल्या. दुसरा खाल्ला. मग पदर मागे सारून माझ्याकडे बघितलं.

"कमल, आज पिठात काय घातलंस गं?"

"काही नाही, आई. पीठ तर तुम्हीच मळलंत."

"मग इतके मऊ कसे झाले?"

"गरम आहेत, आई."

सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. "असे असतात होय," म्हणाल्या. "चांगले लागतात की गं."

मामंजींचा घास हातातच राहिला. भरल्या पानावरून उठू नये म्हणतात, तरी ते उठले. माझ्या हातातली तपेली घेतली, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि सासूबाईंच्या ताटात स्वतः तूप वाढलं. थोडं महोगनीवर सांडलं. मी पुसायला फडकं घेऊन धावले.

"राहू दे," मामंजी म्हणाले.