जीपमधला खट्ट आवाज

चांगुणा जीपच्या मागच्या पत्र्याला कान लावून पालथी पडली होती. शाळेचा परकर धुळीनं माखला, पण तिला त्याचं काय! आवाज शोधायचं काम आज मालकांनी तिला दिलं होतं.

“बराबर ऐक गं,” पुढून उत्तमराव म्हणाले. “न्हाईतर तुझ्या बापानं गाडी खिळखिळी केली, असंच म्हणंल मी.”

“ऐकून राहिले की, मालक! तुमीच गप बसा ना.”

तिच्या बापानं, ग्यानोबानं, औंढ्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जीप मुद्दाम आदळत नेली. चाकांवरचे कमानपाटे नुसते करकरले. मग तो थांबला, गिअर टाकून पुन्हा निघाला. खट्ट!

“पाटे न्हाईत!” चांगुणा ओरडली. “खड्ड्यात वाजतच न्हाई. निघतानाच वाजतंय. इथं, मधून!”

उत्तमरावांनी उतरून इंजिनाकडून चाकांकडं जाणारा गाडीखालचा दांडा हातानं हलवून पाहिला. सांधा घट्ट होता.

“आता मी चालवतो. ग्यानोबा, तू पोरीजवळ बस.”

त्यांनी जीप काढली, थांबवली, पुन्हा काढली. आवाज नाही. आणखी एकदा. नाहीच.

“मालक, तुमी चालवली की वाजत न्हाई!” चांगुणा टाळी वाजवत उठून बसली. “म्हंजी गाडीत खोट न्हाईच!”

आणि तिची नजर बापाकडे गेली.

ग्यानोबानं डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला होता. तरी खाली पाऊल थरथरत होतं. घरी तो पाय असा हलायला लागला, की तो लपवायला बाप जेवणावरूनही उठून अंगणात जायचा. गाडी काढताना क्लचवरून हाच पाय हळूहळू उचलावा लागतो. तो हळू उचलला जातच नव्हता; झटक्यानं सुटायचा, आणि खट्ट वाजायचं.

चांगुणानं पटकन पुन्हा पत्र्याला कान लावला.

“न्हाई, न्हाई,” ती घाईनं म्हणाली, “आत्ता वाजलं, मालक. जरासं. आईशप्पथ.”

उत्तमरावांनी जीप बाजूला घेतली. वळून त्यांनी आधी ग्यानोबाकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे.

“वाजलं का रं?”

ग्यानोबानं मान वर केली नाही.

“न्हाई वाजलं, मालक. लेकरू माझ्यासाठी खोटं बोलून राहिलं.”

रस्त्यानं एक बैलगाडी येऊन पुढं निघून गेली.

“बस मागंच, मी सोडतो. तुझ्या घराकडं कसं जायचं, सांग,” उत्तमराव म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

ग्यानोबानं गुडघा आणखी दाबून धरला. शेवटी चांगुणाच खाली मान घालून वाट सांगू लागली.