तिसऱ्या मजल्यावरचे सुदर्शन सर

लातूरच्या ट्यूशन भागात, जिथं खांबाखांबावर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो टांगलेले, तिथं सुदर्शन सरांनी एक बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं घेतला. तोही तिसऱ्या मजल्यावर. मालक निजामोद्दीनभाईंनी आधी तळमजल्यावरची खोली दाखवली होती. पण फिजिक्सचा मास्तर अन् तळमजल्यावर? सरांना ते कमीपणाचं वाटलं. वर काचेची बाल्कनी होती, छताला पीओपीची नक्षी अन् नक्षीत लपवलेले निळे दिवे. सरांनी ते दिवे तीनदा लावून बघितले अन् तिथंच भाळले.

आता खरं सांगायचं तर सर किल्लारीकडचे. भूकंपात बाप माळवदाच्या मातीच्या छताखाली गेला, तेव्हा ते बारा वर्षांचे. त्याला चौदा वर्षं झाली, पण सर एकदाही दाराला कडी लावून झोपले नव्हते. नव्या फ्लॅटातही डबलबेड आत रिकामा अन् सर हॉलमध्ये, दाराशी, सतरंजीवर. कुणी विचारलं तर म्हणायचे, इथं वारं चांगलं येतं. जिन्यातून कसलं आलंय डोंबलाचं वारं!

आई विठाबाई गावाकडं एकटी, पत्र्याच्या शेडात राहायची. मागच्या थंडीत ती तीन दिवस तापानं फणफणत पडली अन् सरांना चौथ्या दिवशी कळलं. ते त्यांच्या काळजाला लागलं होतं. आता काही झालं तरी मायला इथंच ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. आठ दिवस राहून बघते, म्हणून ती आली.

आल्या आल्या तिनं ओट्यावर पाच पेले एकावर एक उपडे रचले. जमीन हलली की आधी पेले पडतात अन् माणूस जागा होतो. त्यांच्या गावात घरोघरी ही रीत. सरांनी मात्र कागद-पेन्सिल घेऊन तिला कॉलम अन् बीम समजावून सांगितले. ही बिल्डिंग पडत नसते, असल्या भीतीला अडाणीपणा म्हणतात, असंही सुनावलं. अन् आपलं म्हणणं खरं करायला रोज रात्री बेडरूममध्ये बेडवर झोपले. झोपले कसले, छताकडं बघत पडून राहिले. दाराशी माय झोपली.

आठव्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं. दुपारच्या एसटीनं जाते म्हणाली. का, ते सांगेना. सरांना गलबलून आलं, पण मास्तरकीचा ताठा मोठा वाईट. बरं म्हणाले अन् दाढी करायला बसले.

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर बोअरच्या मशीननं जमिनीत दात रोवले. खिडक्या थरथरल्या अन् ओट्यावरचे पेले खणकन खाली आले.

पुढचं सरांना आठवत नाही. भानावर आले तेव्हा ते गेटाबाहेर रस्त्यावर उभे होते, बनियन-टॉवेलवर, एका गालाला फेस. अकराच्या बॅचची पोरं समोरून येत होती. दोघातिघांनी अदबीनं गुड मॉर्निंगही केलं. सरांनी मान डोलावली अन् मग एकदम आठवलं, की माय वरच राहिली.

वर जायला पाय उचलेनात. बोअरचं मशीन आहे हे समोर दिसत होतं, तरी उचलेनात. लाजेनं जीव नकोसा झाला.

विठाबाई सावकाश जिना उतरून आली. गॅस बंद करून, दाराला कुलूप लावून, हातात लेकाच्या चपला घेऊन.

"माय, मी तुला टाकून पळालो," सर म्हणाले.

"लई बरं केलंस. तुझा बाप त्या पहाटं बाहेर आला हुता. मला हाक मारायला परत आत गेला. मी मागल्या दारानं आधीच निघाले हुते."

हे सरांना चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या अन् पदरानं गालावरचा फेस पुसला.

"मला वाटलं, लेकाला आता कशाचंच भ्या राहिलं न्हाई. मग माझं हितं काय काम? म्हणून निघाले हुते," ती म्हणाली. "न्हाई जात आता."

सर भर रस्त्यात, पोरांच्या देखत, लहान लेकरागत रडले.