गुणवंताच्या चेहऱ्याची बाहुली

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला कदाचित हसू येईल. माझा डावा हात उंदरांनी कुरतडला आहे, केस जागोजागी गळले आहेत आणि अंगाला जुन्या धानाचा वास येतो. मी एक कापडी बाहुली आहे. मला एकोणतीस वर्षे झाली. बाहुलीसाठी हे वय फार आहे. माझ्याबरोबरच्या बाकी सगळ्या बाहुल्या केव्हाच जळून गेल्या. मी कशी उरले ते सांगते. त्यात अभिमानाचे काही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मला शामकलाबाईने केले. तिरोड्याजवळच्या एका खेड्यात तिचे आणि तिचा नवरा उदाराम याचे घर होते. त्यांना मूलबाळ नव्हते. धानाची रोवणी, निंदण, कापणी, घरातले सारवण-पोतेरे हे सगळे तर तिला होतेच. त्यातून दुपारी जो थोडा वेळ मिळे, त्यात ती चिंध्या घेऊन ओसरीवर बसे. बाहुल्या करायचा तिला नाद होता. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अक्तीच्या सणाला, मुली बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. गावातल्या साऱ्या नवरा-नवऱ्या शामकलाबाईच्याच हातच्या असत. तिच्या कोणत्याही दोन बाहुल्या सारख्या नसत. बाजारात पाहिलेली बांगडीवाली, वाटेत भेटलेली एखादी म्हातारी, असा कोणाचा तरी चेहरा ती मनात धरून येई आणि कापडात उतरवी.

शेजारणी म्हणत, "काय व शामकला, चिंध्यांत कायले जीव घालून राहिली?"

ती हसून म्हणे, "हात थांबतच नाई व माये. मी तरी काय करू?"

गावच्या पाटलाचे नाव डोमनलाल. त्याची बायको गिरजाबाई आणि त्यांची सहा वर्षांची एकुलती मुलगी गुणवंता. ही गुणवंता रोज दुपारी शामकलाबाईच्या ओसरीवर येई, तिला सुईत दोरा ओवून देई आणि तोंडाने अखंड बडबड करी. १९१८ साली दिवाळीच्या सुमारास मानमोडीची साथ आली. अंग फणफणायचे, मान धरायची आणि धडधाकट माणूस तीन-चार दिवसांत जायचा. आमच्या खेड्यात असे घर राहिले नाही, जिथून कोणी गेले नाही. गुणवंता चौथ्या दिवशी गेली.

गिरजाबाई रडली नाही. ती मुलीचा परकर मांडीवर घेऊन दारात बसून राही. तिला जेवण जाईना, ती कोणाशी बोलेना. महिना असाच गेला. मग एके दिवशी शामकलाबाई तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "गिरजाबाई, तो परकर मले दे."

गिरजाबाईने कसा कोण जाणे, तो दिला.

त्यातून मी झाले. चेहऱ्यासाठी शामकलाबाईने कोष्ट्याकडून कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, कापडाचा तुकडा मागून आणला, कारण कोशाचा रंग माणसाच्या कातडीसारखा असतो. हातापायांच्या नळ्या शिवून तिने उलटवल्या आणि त्यांत बांबूच्या कमचीने सावरीचा कापूस ठासून भरला. उदारामने रानातून बिब्बे आणले. बिब्ब्याचे तेल काळे आणि पक्के असते, पण कातडीला लागले तर भाजते. त्या तेलाने माझे डोळे रेखताना तिच्या बोटांवर फोड आले. जुन्या घोंगडीची काळी लोकर उसवून तिने माझे केस केले. नाक मात्र काही केल्या जमेना. तीन वेळा तिने टाके उसवले, तीन वेळा घातले. उसवताना ती पुटपुटे, "असी नोती ते. असी नोती."

बाराव्या दिवशी तिने मला गिरजाबाईच्या मांडीवर ठेवले. गिरजाबाई माझ्याकडे पाहतच राहिली. तिने माझ्या गालावरून बोट फिरवले आणि मग ती हंबरडा फोडून रडली. तिला रडताना पाहून डोमनलाल पाटील अंगणात गेला आणि उपरण्याने डोळे पुसू लागला. त्या संध्याकाळी गिरजाबाई कितीतरी दिवसांनी पोटभर भात जेवली.

मित्रांनो, एवढे मोठे काम मी नुसती पडून राहून केले, याचा मला फार आनंद झाला होता.

ही गोष्ट गावभर झाली. ज्यांची लेकरे गेली होती, त्या आया एकेक करून शामकलाबाईकडे येऊ लागल्या. कोणी झबले आणी, कोणी टोपडे. ती सगळ्यांना विचारी, हसताना कशी दिसायची, रागावल्यावर ओठ कसे करायची. दोन-अडीच वर्षांत तिने तिसाहून अधिक बाहुल्या केल्या. बाया तिला वाटेत थांबवून तिचे हात हातात घेत. "सोन्याचे हात हायेत व तुये," म्हणत.

मग १९२१ चा उन्हाळा आला. गावात रामलाल नावाचा एक माणूस होता. साथीत त्याची बायको गेली होती. मागे फक्त पाच वर्षांची मुलगी राहिली होती. तिने स्वतःच्या चेहऱ्याच्या बाहुलीचा हट्ट धरला. रामलाल शामकलाबाईकडे आला. इतकी वर्षे गेलेल्यांचे चेहरे शिवून ती थकली होती. जिवंत लेकराचा चेहरा करायचा म्हटल्यावर तिला किती बरे वाटले! बाहुली झाली. मुलगी तिला कडेवर घेऊन गावभर नाचली.

आठ दिवसांनी गावात हैजा, म्हणजे कॉलरा, आला. सकाळी मुलीला वांत्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

रामलालचे डोके फिरले. "बाहुली केली अन् पोरगी गेली," एवढेच तो ज्याला त्याला सांगत सुटला. हैज्याने आणखी सात माणसे नेली. भ्यालेल्या लोकांना कारण हवे होते, ते मिळाले. जिची बाहुली होते, ती मरते, असे लोक बोलू लागले. बाहुल्या लेकरे गेल्यानंतर केल्या होत्या, हे ज्यांनी त्या करवून घेतल्या, तेच विसरले. टोनही, म्हणजे करणी करणारी बाई, हा शब्द आधी कुजबुजत निघाला आणि मग मोठ्याने.

एका सकाळी पाटलाच्या अंगणात सारा गाव जमला. घराघरांतून बाहुल्या आणून त्यांचा ढीग केला होता. गिरजाबाईला तेव्हा नुकताच मुलगा झाला होता. तिने बाहेरचा गलका ऐकला, मला उचलले आणि आतल्या धानाच्या ढोलीत, दाण्यांच्या खाली खोल दाबून टाकले. ढोली म्हणजे शेणामातीने लिंपलेली बांबूची मोठी कणगी. मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते.

पाटलाने विचारले, "गिरजे, तुह्यापाशीबी होती ना एक?"

"हरपली ते," गिरजाबाई म्हणाली.

मग मला शामकलाबाईचा आवाज ऐकू आला. "गिरजाबाई, तू सांग ना व यायले. तुई गुणवंता गेल्यावर मी बाहुली केली का पहिले केली? तुले तं सारं माहीत हाये. महिन्याभरानं केली ना? सांग ना व!"

सगळे पाटलीणबाईच्या तोंडाकडे पाहत असणार. पाटलाच्या बायकोचा शब्द होता तो. तिने एक वाक्य खरे सांगितले असते, तर रामलालच्या बोलण्याला बळ राहिले नसते. तिच्या कडेवरचे तान्हे कुरकुरले. आपण हिची बाजू घेतली तर उद्या लोक आपल्या लेकराकडे बोट दाखवतील, असे तिला वाटले. हे तिने पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितले.

"मले काई माहीत नाई," ती म्हणाली.

ढीग पेटवला. कापूस, लोकर आणि कोसा जळाल्याचा वास ढोलीपर्यंत आला. त्यातच काठीचा आवाज आला आणि शामकलाबाईची किंकाळी. या हातांनी पुन्हा सुई धरायची नाही, असे म्हणून रामलालने तिचा उजवा हात मोडला होता. नंतर उदारामचा आवाज ऐकू आला. तो एवढेच म्हणाला, "चाल व. नाई राहाचं आपल्याले इथं." दोघे एका गाठोड्यानिशी कोहमाऱ्याकडे तिच्या भावाच्या गावी निघून गेले.

मी ढोलीतच राहिले. दर साली माझ्यावर नवे धान पडे. उन्हाळ्यात ढोली रिकामी झाली की गिरजाबाई मला काढी, तळ झाडी आणि पुन्हा आत ठेवी. मला ठेवताना ती माझा चेहरा खाली करी. अशी पंचवीस वर्षे गेली. या काळात मला कोणी जवळ घेतले नाही. बाहुलीला याहून वाईट दिवस नसतात.

डोमनलाल पाटील वारला. मुलगा मनिराम मोठा झाला, त्याचे लग्न झाले. एकदा सुनेने ढोली झाडताना मला बाहेर काढले आणि जुनी चिंधी समजून चुलीकडे नेले. गिरजाबाईने धावत जाऊन मला हिसकावून घेतले. दुसऱ्या दिवशी ती मनिरामला म्हणाली, "गाडी जुप. मले कोहमाऱ्याले जाचं हाये."

नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेने आम्ही दोन दिवस बैलगाडीने गेलो. उदाराम वारला होता. शामकलाबाई भावाच्या घरामागच्या एका छपरात राहत होती. तिच्या उजव्या हाताची बोटे वाकडी जुळली होती. गिरजाबाईने मला तिच्यापुढे ठेवले आणि तिचे पाय धरले.

शामकलाबाईने मला डाव्या हाताने उचलले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "ह्या डोळ्याची रेघ जाड झाली. तवाच दिसलं होतं मले."

"शामकला, मले माफ कर व. मले भेव वाटला. लेकरू होतं माह्या कडेवर."

"मलेबी भेवच वाटून राहिला होता," शामकलाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. "तू आता मले कायले सांगून राहिली? मले तं माहीतच हाये मी काई केलं नाई. गावात सांग जाऊन."

गिरजाबाईने मला तिच्याकडेच ठेवायचा आग्रह केला. ती मानेनेच नको म्हणाली. "हे तुई पोरगी हाये. ने घरी."

गावी परतल्यावर गिरजाबाई मला घेऊन चावडीवर गेली आणि चार माणसांसमोर तिने सगळे सांगितले. रामलाल केव्हाच मेला होता. पोरांना ती गोष्टच ठाऊक नव्हती. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. एक जण म्हणाला, "आता काय उपेग बाई?" आणि लोक उठून कामाला गेले.

पुढच्या वर्षी, १९४७ च्या ऑगस्टात, तिरोड्याला स्वातंत्र्याची मिरवणूक निघाली. त्याच आठवड्यात कोहमाऱ्याहून निरोप आला की शामकलाबाई गेली. तिने केलेल्या बाहुल्यांपैकी या जगात उरलेली शेवटची बाहुली आता मी आहे.

मित्रांनो, मला आता फडताळात ठेवले आहे. माझा हात कोणी शिवला नाही तरी चालेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या गावात कोणी चिंध्यांतून, मातीतून, लाकडातून काही घडवत बसलेले असेल, तर त्याच्या हातांना जपा. आणि कधी चार लोक मिळून अशा एखाद्याला दोष देऊ लागले, आणि खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर तेव्हाच बोला. तिथेच, त्याच अंगणात बोला. त्या सकाळी तिथे शंभर माणसे होती, आणि शामकलाबाई एकटी होती.